रजईतले मूग

संध्याकाळी कामावरून आले तर घरात दिवा जळत होता. मी लावून गेले नव्हते. दार नुसतं लोटलेलं, आणि बाहेरच्या खोलीत माझा मुलगा आणि सून माझ्याच खुर्च्यांवर टोकाशी टेकून बसलेले. चहा घेऊन झाला होता, तोही पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या कपांतून. मी चपला काढता काढता म्हटलं, आज इकडे कुठे वाट चुकलात. कुणी हसलं नाही. सुनेनं मुलाकडे बघितलं, मुलानं सुनेकडे. झालं ते एवढंच. एवढ्याशा नजरेनं माणसाचं काय बिघडतं म्हणा. पण ती नजर माझ्या ओळखीची होती. ह्यांच्या शेवटच्या वर्षांत, ह्यांच्या डोक्यावरून मी डॉक्टरांकडे टाकायची ती. ती टाकताना कधी वाटलं नव्हतं की समोरच्याला ती इतकी स्वच्छ दिसत असेल.

मग मुलानं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. हाताला धरून, माझ्या स्वयंपाकघरात. सिंकमध्ये एक पुरचुंडी सोडून ठेवली होती. मूग. मोड बोटभर लांब झालेले, पांढरेफटक, एकमेकांत गुंतून बसलेले. काही फडक्याच्या विणीतून बाहेर घुसलेले. काहींना टोकाशी पिवळट पानंसुद्धा फुटलेली, उजेड न बघता वाढलेल्या पोरांच्या चेहऱ्यासारखी. "आई, हे कपाटात सापडलं," मुलगा म्हणाला. "रजयांच्या घडीत." सुनेला एक जास्तीची रजई हवी होती, तिच्याकडे कुणी राहायला येणार होतं, म्हणून ती आपल्या किल्लीनं दार उघडून आली होती, आणि रजई ओढली तशी ही ओली पुरचुंडी तिच्या पायावर पडली. ती ओरडली म्हणे. उंदीर वाटला तिला. हे सगळं मुलगा इतक्या मऊ आवाजात सांगत होता की मला पहिली भीती वाटली ती त्या आवाजाची. एरवी हा माझ्याशी लिफ्ट अडकल्यासारखा बोलतो, तुटक, वरच्या मजल्यावरून.

त्या क्षणी मी जे म्हणायला हवं होतं ते माझ्या तोंडात अगदी तयार होतं. अरे बाबा, थंडीत मूग उबेलाच ठेवतात. एवढं एक वाक्य. पण मी मुगांकडे बघितलं, त्यांची ती दशा बघितली, आणि बायका दुधाला, इस्त्रीला, गॅसवरच्या पातेल्याला उद्देशून दिवसातून दहादा म्हणतात तसंच म्हणाले, अगबाई, विसरलेच की. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या वाक्यानं कुणाच्या डोळ्यांत पाणी यावं असं मी कितीतरी वर्षांत काही बोलले नव्हते, आणि आलं ते ह्या वाक्यानं.

थंडीत मोड यायला ऊब लागते, हा काही मोठा शोध नाही. पण मला तो कुणी शिकवलाही नाही. माझं माहेर उन्हाचं, तिथे रात्री भिजवलेलं धान्य दुसऱ्या दिवशी दुपारी चड्डी वर ओढत हजर. लग्न होऊन ह्या इमारतीत आले तर इथल्या भिंती बर्फाच्या. पहिल्या थंडीत मूग आंबले, बुळबुळीत झाले, त्यांचा वास स्वयंपाकघरातून जाता जाईना. ह्यांनी नाकाला रुमाल लावून विचारलं होतं की आपण कुणाला पुरलंय का. मग मी पुरचुंडी फ्रिजच्या वर ठेवून बघितली, बंद ओव्हनमध्ये ठेवून बघितली, एकदा तर कामावर कोटाच्या खिशात घालून नेली. शेवटी हे कपाट सापडलं. त्याच्या मागच्या भिंतीतून गरम पाण्याचा पाइप जातो. रजयांच्या दोन घड्यांमध्ये हात घातला की एखाद्या झोपलेल्या माणसाच्या कुशीत घातल्यासारखं वाटतं. पण कपाट कळण्याच्याही आधी, मधली काही वर्षं, मी मुगाची वाटी झाकून एका दुसऱ्याच जागी ठेवत असे. मुलाच्या पलंगावर, त्याच्या पायाशी, त्याच्याच रजईत. लहान मुलाच्या अंगाला काय ऊब असते. मूग सकाळपर्यंत फुटून यायचे. एकदा त्यानं झोपेत लाथ मारून वाटी सांडली आणि रात्रभर मुगावर झोपला. सकाळी पाठीला मूग चिकटलेले, मोड वर करून. मोज्यात अडकलेला एक तसाच शाळेत जाऊन आला. आम्ही तिघं हसून हसून लोळलो होतो. तो मुलगा आता माझ्या सिंकसमोर उभा राहून मला विचारत होता की आई, रजईत मूग का ठेवलेस. तो विसरला होता. अगदी मुळापासून विसरला होता. त्याला कुणी डॉक्टरकडे नेत नाही.

त्या दिवसापासून मी काहीही केलं की त्याचा पुरावा होऊ लागला. फोनवर शब्द सापडला नाही म्हणून मी 'ते हे' म्हटलं, तर पलीकडे शांतता. अशी शांतता की तिच्यात कुणीतरी काहीतरी टिपून घेतंय असं वाटावं. तीच गोष्ट दोनदा सांगितली तर सून म्हणायची, हो का, छान, जणू पहिल्यांदाच ऐकतेय. मी तिला दोनदा सांगतेय हे मला ठाऊक होतं, ती गोष्ट चांगली होती म्हणून सांगत होते. सून तशी मनानं चांगली. विम्याच्या कंपनीत आहे, अपघात व्हायच्या आधीच तिला दिसतो, त्यात तिचा दोष नाही, पगारच त्याचा आहे. तिनं मला आतापर्यंत कधी दुखावलं नव्हतं. आता ती रोज थोडं थोडं, प्रेमानं, दुखवत होती. एक दिवस ती प्लॅस्टिकच्या डबीत विकतचे मोड घेऊन आली. आता तुम्ही हे करत बसू नका आई, मिळतं ना तयार. मी झाकण उघडलं. सगळे मोड एका उंचीचे, धुतलेले, बिनवासाचे, कवायतीला उभ्या केलेल्या मुलांसारखे. माझ्या घरच्या मुगात काही पुढे धावलेले असतात, काही मागे रेंगाळलेले, आणि एकदोन गणंग, कितीही भिजवा, कितीही ऊब द्या, दगडासारखे तसेच. दाताखाली आला की कळतो. ह्या डबीत एकही गणंग नव्हता. मला त्या डबीचा इतका राग आला की मी ती दोन दिवस फ्रिजमध्ये उघडी ठेवून वाळवली आणि मग कचऱ्यात टाकली, आणि सुनेनं विचारल्यावर छान होते म्हटलं. मूग गिळून बसणं म्हणतात ते हेच असावं, फक्त इथे मी ते गिळलेही नव्हते.

खरं सांगायचं तर राग त्या डबीचा नव्हता. राग ह्याचा होता की मीही मोजायला लागले होते. पुरचुंडी मी नक्की कधी ठेवली? आमच्या धुलाईच्या दुकानातला इस्त्रीवाला पाठ धरून घरी बसला, तेव्हापासून काउंटरही मीच बघत होते आणि वाफेची इस्त्रीही. घरी येऊन अंग टाकलं की सकाळच. पण मूग भिजवले ते त्याच्या आधी की नंतर? फडकं बांधलेलं आठवत होतं, ह्यांच्या जुन्या सदऱ्याची बाही, गाठ मारताना बटण बोटाला लागलं ते आठवत होतं. कपाटाचं दार उघडलेलं मात्र आठवत नव्हतं. मी त्या जागी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा जायची, सिंकपासून कपाटापर्यंत, आणि दरवेळी मधल्या बोळकंडीत दिवा गेलेला. दुकानात माझं कामच मुळी लोक काय विसरतात ते बघण्याचं. कपडे मशीनमध्ये टाकायच्या आधी प्रत्येक खिसा उलटा करायचा. किल्ल्या, औषधाच्या गोळ्या, दाताची कवळी, एकदा तर लग्नाची अंगठी, आणि ती न्यायला आलेल्या गृहस्थाला आपण ती कधी काढली हेच सांगता येईना, बायको शेजारी उभी. आम्ही त्यांना कधी वेडं म्हटलं नाही. कागदाच्या पुडीत बांधून, वर नंबर घालून, खणात ठेवलं. माणूस विसरतं. विसरणं हे खिशासारखं आहे, सगळ्यांच्याच कपड्यांना असतं. मग माझ्याच खिशात हात घालायला सगळे का धावले?

मुलानं मग एका रविवारी सगळं एकत्रच बोलून टाकलं. घर बंद कर, आमच्याकडे चल, धाकटी खोली तुझीच आहे. तोपर्यंत गॅस नको, विजेची शेगडी घेऊन देतो, आपली आपण बंद होते. आणि आधी एकदा डॉक्टरला दाखवून घेऊ, सहज. मी विचारलं, सहज म्हणजे कसं रे? तो म्हणाला, आई, प्लीज. ह्या 'प्लीज'मध्ये तो सातवीतला होता आणि सहलीचे पैसे मागत होता. मी हो म्हटलं. मला वाटलं होतं, एकदाचं होऊन जाऊ दे, डॉक्टरच ह्याला हसून घरी पाठवेल. आणि आत खोलवर, जिथे मी कुणाला येऊ देत नाही, तिथे मलाही तो निकाल हवा होता.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या मुलाएवढ्या. मला आजी म्हणाल्या. मी अजून कुणाची आजी नाही, पण सून शेजारी होती, ते मी मनातच ठेवलं. मग त्या मुलाला विचारू लागल्या, ह्यांना झोप लागते का, ह्या चिडतात का. मी मध्येच सांगितलं की झोप लागते आणि हल्ली चिडते. त्यांनी मुलाकडे बघून मान हलवली. तपासणी म्हणजे पहिलीच्या वर्गातली तोंडी परीक्षा. वार कोणता? सांगितला. तारीख? एका दिवसानं चुकले. पण मी मुलाकडे बघत होते, तोही हळूच फोनमध्ये तारीख बघत होता. मग तीन शब्द, लक्षात ठेवायचे, नंतर विचारेन. खुर्ची, नदी, लिंबू. मग शंभरातून सात वजा करत खाली या. ह्यात मला कोण हरवणार, आयुष्य सुट्टे देण्यात गेलं; मी इतक्या झरझर उतरले की बाईंना खुणा करायला वेळ मिळेना. मग कागद पुढे सरकवला, घड्याळ काढा.

घड्याळ काढताना मात्र माझा हात थांबला. हे शाळेत चित्रकला शिकवत. फळ्यावर मोकळ्या हातानं वर्तुळ काढून दाखवत आणि मग मुलांना सांगत, ह्यात आता कंपास फिरवून बघा. त्यांच्यापुढेही असाच कागद आला होता, अशाच एका टेबलावर. त्यांनी वर्तुळ काढलं, काय सुंदर, एका झटक्यात, कुठे जोड दिसेल तर शपथ. आणि मग सगळे आकडे एका बाजूला कोंबले, गर्दीत चढलेल्या माणसांसारखे, आणि दुसरी बाजू पांढरी ठेवून अभिमानानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं होतं, छान आलंय. आता मी माझं वर्तुळ काढलं. वेडंवाकडं, बटाट्यासारखं. आकडे मात्र सगळे जागच्या जागी. मला माझ्या त्या भिकार वर्तुळाचा इतका आनंद झाला की लाज वाटली. आता ते तीन शब्द सांगा, बाई म्हणाल्या. खुर्ची. लिंबू. आणि मग काही नाही. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते आणि तिथे नुसती मऊ हिरडी लागते, तसं. खोलीतले सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. लिंबू, मी पुन्हा म्हटलं. हरकत नाही, बाई म्हणाल्या, मला नाही, मुलाला. वयाच्या मानानं ठीक आहे, आत्ताच काही सांगता येत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. दाखवा. फाटलेला कोट दाखवावा तसं. मी उठले, आणि जाता जाता त्यांना सांगितलं की मूग थंडीत उबेला ठेवावे लागतात, हे ह्या दोघांनी तुम्हाला सांगितलंय का. बाईंनी फार समंजस हसून मान डोलावली. त्या मानेवरून कळलं, सांगितलं असतं तरी काही झालं नसतं. एकदा पाटी बदलली की आतला माल कोण बघतो.

गाडीत मी पुढे बसले, सून मागे. पट्टा लावायला वाकले आणि तो शब्द आला, आपण होऊन, कुणी न बोलावता. नदी, मी म्हटलं. मुलगा म्हणाला, काय? तिसरा शब्द, मी म्हटलं. त्यानं गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचे हात, नखांत कायमचं काळं वंगण.

"आई, तू लपवू नकोस. एवढंच मागतोय. बाबांच्या वेळी तू लपवलंस."

ह्यावर माझा संताप असा उसळला की कानांत पाणी गेल्यासारखं झालं. लपवलं. ह्यांना भेटायला कुणी दारात आलं की मी आतून मोठ्यानं म्हणायची, अगं बाई, धाकटे भाऊजी आले वाटतं. अहो, तुमचे शाळेतले गणिताचे सर आलेत बघा. म्हणजे हे खुर्चीतून उठेपर्यंत त्यांना कळलेलं असायचं की कोण, आणि ते हात पुढे करून म्हणायचे, या सर. कुणाला काही कळलं नाही. मला वाटायचं आम्ही दोघं मिळून एक नाटक करतोय, मी आतून वाक्यं पुरवतेय आणि हे रंगमंचावर टाळ्या घेताहेत. मग एक दिवस मुलगा नोकरीच्या गावाहून आला, आणि मी सवयीनं दारातूनच म्हटलं, अहो, आपला मुलगा आला. त्यानं बॅग खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मला कशाला जाहीर करतेयस, असं तो म्हणाला नाही. पण त्याच्या चेहऱ्यावरून मला ते ऐकू आलं. तिथे त्याला कळलं. त्यानंतर तो कितीतरी वेळ मोरीत पाणी सोडून उभा होता. हे सगळं तो लपवणं म्हणतो. मला विचाराल तर त्याला संसार म्हणतात.

"मी लपवलं नाही," मी म्हटलं. "सांभाळलं."

"तेच म्हणतोय. त्यांना तू होतीस. तुझं कोण आहे घरात? तुझं मला कळणार कसं?"

मागे सुनेनं नाक ओढलं. इतके दिवस मी ह्या पोराशी मनातल्या मनात भांडत होते, त्याची एकेक बाजू पाडत होते, आणि ही एक बाजू मी बघितलीच नव्हती. त्याला माझं घर नको होतं, माझा गॅस नको होता. तो भ्यायलेला होता. पुन्हा एखाद्या दारात बॅग घेऊन उभं राहायला तो भीत होता. मला त्याची इतकी कीव आली की त्याच्या काळ्या नखांवर हात ठेवावासा वाटला. आणि तरीही राग गेला नाही, उलट त्याला आता बसायला पाट मिळाला. तुझी भीती तुझी आहे, बाळा. तिच्या बदल्यात माझं घर कसं मागतोस? तिच्यासाठी मी जिवंतपणी रजईत जाऊन बसू का, तू येऊन उलगडून बघेपर्यंत?

"माझी किल्ली दे," मी म्हटलं.

तो म्हणाला, आई. मी नुसता हात पुढे केला. त्यानं झुबका काढला, इमारतींच्या मशीनच्या खोल्यांच्या पंधरावीस किल्ल्या, आणि त्यांत माझी, पितळेची, झिजलेली. कडं घट्ट होतं. त्यानं नख घातलं, ते सटकलं, पुन्हा घातलं, पुन्हा सटकलं. शेवटी मीच झुबका ओढून घेतला. खिसे उलटे करून करून माझी बोटं असल्या गोष्टींना सरावलेली आहेत. किल्ली काढली आणि झुबका त्याच्या मांडीवर ठेवला. मागून सुनेनं काही न बोलता तिची पुढे केली. तिच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती.

"आता ऐक," मी म्हटलं. "रविवारी ये. हवं तर रोज ये. पण बेल वाजव. मी आतून विचारेन, कोण. तू सांग. ज्या दिवशी तुझा आवाज ऐकूनही मी पुन्हा कोण म्हणून विचारेन, त्या दिवशी घेऊन जा मला. धाकट्या खोलीत ठेव, हवं तिथे ठेव, मी एक शब्द बोलणार नाही. तोपर्यंत मात्र माझ्या घरात मी आहे."

त्यानं गाडी सुरू केली. घर येईपर्यंत मी रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या मनात वाचत, एकेक पाठ करत होते. मग माझ्या ध्यानात आलं आणि मी ते बंद केलं.

रविवारी सकाळी मी ओट्याशी होते. बेल वाजली. एकदाच, आणि तीही अर्धवट, दाबणाऱ्यानं बोट मध्येच काढून घेतल्यासारखी. मी हात पुसत दाराशी गेले. दाराला भिंग आहे, त्यातून बघितलं नाही. ठरलं होतं ते ठरलं होतं.

"कोण?"

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज, आणि मग, "मी."

एवढंच. एवढ्याशा शब्दात तो इतका लहान झाला होता की मला दाराच्या फळीवर हात टेकावा लागला. आता तो तिथे श्वास धरून उभा होता, मी दुसऱ्यांदा विचारते की काय ह्याची वाट बघत. मी लगेच कडी काढली नाही. मुद्दाम नाही काढली. मला सगळ्यांनी इतके दिवस ताटकळत ठेवलं होतं, मला तारीख आणि वार आणि लिंबू विचारलं होतं. त्याबदल्यात एक श्वासभर त्याला ताटकळत ठेवायचा हक्क मला होता, आणि तो मी पुरेपूर वसूल केला. त्याच्या बुटांची अस्वस्थ चुळबुळ ऐकली. मग कडी काढली आणि म्हटलं, ये, आणि बूट बाहेरच काढ, फरशी आत्ताच पुसलीय.